कोनाड्यातली डबी

पहिल्या रात्री जाग आली ती खोलीत कुणीतरी आहे म्हणून. आवाज काहीच नव्हता. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय वाजत नाहीत. पण अंधारात आपल्याशिवाय आणखी एक श्वास असला की झोपेतही कळतं. खिडकीच्या लाकडी गजांतून थोडं चांदणं आत येत होतं, त्यात एक ठेंगणी, कमरेत वाकलेली आकृती दिसली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं कापड, खांद्यावर कसलंतरी फडकं. भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून ती काहीतरी चाचपत होती. मी उठून बसले, खाट करकरली, तशी ती वळली. घरातली आजी. दुपारभर मागच्या अंगणात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेली पाहिली होती, तीच. ती दचकली नाही, ओशाळलीही नाही. "न्हिद गो, न्हिद," एवढंच म्हणाली, पाळण्यातल्या पोराला म्हणावं तसं. मग एक चपटी पत्र्याची डबी मुठीत घेतली आणि दार हलकेच ओढून घेत निघून गेली. मागे मिशरीचा करपट वास बराच वेळ राहिला.

ती डबी मी संध्याकाळीच पाहिली होती. कोनाड्यात लामणदिवा, तांदूळ मापायचं जुनं लाकडी माप, पितळेचा तांब्या असं सगळं हौसेने मांडलेलं होतं. डबीही त्यातलीच, शोभेची, असं मला वाटलं होतं. मी तर त्या कोनाड्याचा फोटोसुद्धा काढला होता.

खोली तिची होती.

हे मला कुणी सांगितलं नाही. सकाळी उजेडात खोलीच दिसली तशी. भिंतीवर जमिनीपासून दोनेक फुटांवर एक गुळगुळीत तेलकट डाग होता, वर्षानुवर्षं तिथे पाठ टेकून कुणीतरी बसल्याचा. खुंटी माझ्या छातीच्या उंचीवर, म्हणजे मला उगाच खाली, पण वाकलेल्या बाईच्या हाताला बरोबर. खाट तेवढी नवी होती, आणि तिचे चार पाय नेमके जिथे टेकले होते तिथली जमीन अजून दबायची होती. खाटेशेजारी एक लांबट चौकोन मात्र बाकीच्या जमिनीपेक्षा काळसर, चकचकीत होता. तिथे चटई पडत असणार.

आता मी तिथे कशी पोचले ते. फोंड्याच्या कोर्टात आमच्या घराच्या इन्वेंतारची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या दाव्याची, तारीख होती. त्यासाठी ऑफिसातून आठवड्याची रजा काढलेली, आणि आदल्या दिवशी वकिलांचा फोन, तारीख पुढे गेली. रजा हातात राहिली. घरी बसले असते तर चुलतभावांचे फोन घ्यावे लागले असते. म्हणून साखळी, केरी करत घाटात आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की कुणीतरी ड्रोन घेऊन जातं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, चोर्ला घाटाच्या अंगावरचं, पंचवीस-तीस घरांचं गाव एवढं पुरे. वाटेत अंजुणे धरण लागतं. एप्रिल संपत आला होता, पाणी बरंच खाली गेलेलं, काठची तांबडी माती पायऱ्यापायऱ्यांनी उघडी पडलेली. धरण बांधलं तेव्हा अंजुणे गाव पाण्याखाली गेलं, लोक मोर्लेच्या वसाहतीत गेले, आणि गावाचं नाव तेवढं धरणाला राहिलं. बसमधून ते पाणी मी पन्नासदा तरी पाहिलं असेल. दर वेळी छान दिसतं.

घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर नळे, म्हणजे कौलं. पुढे सोपा, मध्ये चौकोनी राजांगण, त्यात तुळस, एका बाजूला देवाची खोली, मागे रांधपघर आणि न्हाणी. न्हाणीत तांब्याचं मोठं भाण चुलाण्यावर बसवलेलं, त्याला बाहेरून धुराची इतकी पुटं की तांबं फक्त काठाला दिसावं. ऐन उन्हाळ्यातही घाटावर पहाटे गारठा असतो, त्या भाणातलं धुरकट वासाचं पाणी अंगावर घेताना मला लहानपणच्या शाळेच्या सकाळी आठवल्या. घर चालवते ती वैनी, पन्नाशीच्या आतबाहेरची, बोलण्याआधी पदराला हात पुसणारी. तिचा नवरा कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि काजू बघतो, धाकटा मुलगा मोबाइलवरून येणाऱ्या पाहुण्यांशी बोलतो. तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे त्यासाठी त्याला रोज दोनदा मोटरसायकल घेऊन खालच्या वळणावर जावं लागतं. वैनी या सगळ्या व्यवहाराला "स्टे" म्हणते. "स्टेक लोक आयले काय घर लखलखता," म्हणते.

आणि ते खरंच लखलखीत होतं. मी चार दिवसांत काय केलं असं विचाराल तर काही नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत चेपणीतलं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, आणि सुक्या खोबऱ्याची चटणी. दुपारी कधी बिब्यांची, म्हणजे ओल्या काजूगरांची, उसळ, कधी तेफळं घातलेलं खतखतं. खतखत्यातलं तेफळ दाताखाली आलं की जीभ जी बधिर होते, त्या बधिरपणात पुढचा अर्धा तास जायचा. मग सोप्यावर बसून राहायचं. समोरच्या डोंगरावर उन्हाचा पट्टा सरकत जातो तो पाहायचा. शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेतं, फांदी खाली येऊन परत वर जाते, आणि मग पुन्हा काही नाही. काजूचा हंगाम सरत आलेला, पण हवेत पिकल्या बोंडूंचा तो गोड-आंबट, डोक्यात जाणारा वास अजून होता. एका दुपारी घरधन्यांबरोबर भट्टीवर गेले. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, बोंडू तुडवून झाले होते, उरलेल्या चोथ्याची रास रचून वर दगडाचं वजन ठेवलेलं, त्यातून नीरो थेंबथेंब भांड्यात पडत होता. त्यांनी पेला भरून दिला. तीन-चार दिवसांनी याच झाडाच्या रसाची हुर्राक होते आणि पुन्हा एकदा भाणात चढली की फेणी, हे माहीत असलं तरी नीरो पिताना त्यावर विश्वास बसत नाही, इतका तो निरागस लागतो.

संध्याकाळी ते मला पेपर वाचायला लावायचे. पेपर मराठी, बोलणं कोकणी, देवासमोरची आरती पुन्हा मराठी. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्यावर भांडणारेही घरी तसंच करतात. म्हादई नदीच्या पाणीतंट्याची बातमी होती. 2018 च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी पाणी आलं, ती जुनीच उजळणी. त्यांनी विचारलं, एक टीएमसी म्हणजे किती कळशा? मी सांगितलं, लिटरांतच दोन हजार आठशे कोटींच्या वर होतात, कळशा तुम्हीच मोजा. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आमच्या झऱ्याला मे अखेरपर्यंत रोज दहा कळशा राहिल्या तरी पुरे.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या रात्रीचं.

दिवसभर त्या खोलीचा विचार डोक्यात होता, आणि खोटं कशाला बोला, तो विचार सगळा काही दयाळू नव्हता. मी दिवसाचे दोन हजार रुपये देत होते. रात्री कुणी न विचारता खोलीत यावं हे त्यात बसत नाही, असंही मनात आलं. बाई एकटी, गाव अनोळखी, उद्या आजीऐवजी दुसरं कुणी आलं तर? ही सगळी कारणं मी स्वतःला नीट समजावून दिली आणि झोपताना दाराला आतून लाकडी आडणा घातला. मध्यरात्रीनंतर केव्हातरी दार हललं. एकदाच. लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज, मग थोडा थांबा. मी जागी होते. उठून आडणा काढायला चार पावलं पुरली असती. दाराबाहेर ती उभी होती, श्वास ऐकू येत होता, आणि मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. मग श्वास गेला.

सकाळी वैनीने पेजेची वाटी ठेवत विचारलं, "न्हीद पडली मगो?" मी म्हटलं, पडली.

आजी मागच्या अंगणात होती. समोर भिरंडांचा ढीग, सुपात बिया, फाटक्या चटईवर साली वाळत घातलेल्या. हात मनगटापर्यंत जांभळट लाल. मी जाऊन शेजारी बसले आणि न विचारता एक भिरंड हातात घेतलं. ते दोन अंगठ्यांनी दाबून फोडायचं असतं, नखाने नाही. तिने माझ्या हातातून घेऊन एकदा दाखवलं. मग विचारलं, "तूं कोणाली गो?"

हा प्रश्न आपल्याकडे नाव विचारायच्या आधी येतो. मी वडिलांचं नाव, गाव, गावची देवी सगळं सांगितलं. तिने मान डोलावली, देवीचं नाव तिला ओळखीचं वाटलं असावं. मी उलट विचारलं, तुमचं माहेर कुठलं? ती हातातलं भिरंड फोडत म्हणाली, "म्हजें कुळार उदकापोंदा." पाण्याखाली. बोलण्यात दुःख वगैरे काही नव्हतं, कुणी फोंडा म्हणावं किंवा पेडणे म्हणावं तसं म्हणाली. मी बसमधून पाहिलेल्या त्या उघड्या तांबड्या पायऱ्या एकदम डोळ्यांसमोर आल्या. रात्रीच्या दाराबद्दल बोलायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आमचं घर फोंड्याजवळ आहे. आहे म्हणजे भिंती आहेत. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी कायद्यापासून गोव्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, ही गोष्ट आम्ही बाहेरच्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो आणि ती अभिमानाचीच आहे. पण तीन पिढ्या वाटणी न करता गेल्या की काय होतं ते आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दिसतं. सतरा नावं. त्यातली चार माणसं हयात नाहीत, दोघं लिस्बनला. नळे बदलायचे तर सह्या कोण आणणार, म्हणून नळे बदलले नाहीत. नळे गेले म्हणून वासे गेले. मागच्या पावसाळ्यात रांधपघराची भिंत बसली. आणि या घाटातल्या घराचं उलटंच. वैनीच्या नवऱ्याने बोलता बोलता सांगितलं की घर चार पिढ्यांचं, पण उताऱ्यावर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नाही. सत्तरीत हे नवीन नाही. मोकासदारांच्या, म्हणजे गावं इनाम मिळालेल्या जमीनदारांच्या, काळापासूनचा तो गुंता, त्यात 1999 मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं. 2021 च्या जानेवारीत मेळावलीच्या बायका आयआयटीच्या जागेच्या आखणीसमोर उभ्या राहिल्या, तेव्हाही मुळाशी जमिनीच्या मालकीचं हेच दुखणं होतं. नाव नाही तर बांधकामाचा परवाना नाही, कर्ज नाही. पाहुण्यांसाठी बाजूला एक खोली काढायची म्हटलं तर काढता येत नाही. म्हणून होती त्यातलीच एक रिकामी केली.

हे ऐकल्यावर मला आमचं घर आठवायला लागलं, आणि आठवताना एक जागा लागेना. मे महिन्यात मुंबईची मंडळी यायची. पंधरा-वीस माणसं. काका-काकू माडीवर, आतेचं कुटुंब मधल्या खोलीत, पुरुष सोप्यावर, आम्ही पोरं राजांगणाच्या कडेने ओळीने, आणि रात्रभर कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर यावरून खसखस. फणसाचा वास, उकाडा, डास, सगळं आठवतं. कुठल्या उशीला कुठली खोळ होती तेसुद्धा. माझी आजी कुठे झोपायची, ते आठवेना. तिची खोली तर आतेला दिलेली असायची. मग ती?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या वळणावर चालत गेले. तिथे वाघ्रोचा दगड आहे, शेंदूर लावलेला, समोर दोन नारळाच्या करवंट्या. 2020 साली गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले तेव्हापासून सत्तरीतला माणूस वाघाविषयी बाहेरच्यांशी जपून बोलतो, पण वाघ्रोला नारळ फोडायचं थांबत नाही. त्या दगडाच्या बाजूला उभं राहिलं की फोनला दोन दांड्या येतात. आईला विचारलं, मे महिन्यात आजी कुठे निजायची गं? आई म्हणाली, "अशीच कुठेतरी. जागा असेल तिथे. तुला आत्ता कशाला?" मी काही सांगितलं नाही. तिथेच कठड्यावर बसून राहिले. खाली दरीत काळोख साचत होता, घाटातून ट्रक पहिल्या गिअरवर कण्हत चढत होते. अर्ध्या तासाने आईचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाली, "भाताच्या कणगीकडे. त्या अंधाऱ्या खोलीत. सकाळी तिच्या केसांत कोंडा असायचा, मी काढून टाकायचे." मग जरा वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. कणगीच्या खोलीला खिडकी नव्हती.

परत आल्यावर वैनीला मी म्हटलं, उद्या मी सोप्यावर झोपते, मला उघड्यावर आवडतं. तिचा चेहरा पडला. "कूड पसंत पडली ना?" खोली आवडली नाही का, असं. मी म्हटलं तसं नाही, पण आजींना त्यांच्या जागी... ती मला मध्येच थांबवत म्हणाली, "सोयऱ्यांक कोण सोप्यार न्हिदयता?" आणि मग चुलीतलं लाकूड मागे ओढत, माझ्याकडे न बघता बोलत राहिली. आजीला विचारूनच केलं सगळं. आजीच म्हणाली, दोळे धांपले काय सगळें सारकेंच, डोळे मिटले की सगळं सारखंच. दिवाळीनंतर लोक येतात ते पावसापर्यंत, त्या पैशातून यंदा पश्चिमेकडचे नळे परतले, धाकट्याची फी गेली. "पूण रातीं उठून थंयच वता," वैनी म्हणाली. "पांय वतात, ती वचना." पाय जातात, ती जात नाही. मला वाटलं ती आता आडण्याचं विचारेल. तिला ते माहीत होतं की नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही. तिने भाकरी उलटली.

तिसऱ्या रात्री मी दार सताड उघडं ठेवून पडले. मुद्दाम जागी राहिले. राजांगणातून चांदणं हलत गेलं, कुठेतरी घुबड बोललं, कुळागरातल्या पाटाचं पाणी दिवसा ऐकू येत नाही ते रात्रभर ऐकू आलं. कुणी आलं नाही. एका रात्रीत पायांची सवय मोडते का? की तिने रांधपघरातून ते उघडं दार पाहिलं, आणि उघडं म्हणूनच आली नाही? उघडं ठेवलेलं दारसुद्धा पाहुणीनेच ठेवलेलं असतं. चौथ्या रात्री मात्र दिवसभराच्या चालण्याने अंग मोडून आलं होतं, पेजेवरच डोळे मिटायला लागले. दार तसंच ठेवून मी जी झोपले ती थेट उन्हं आल्यावर उठले.

निघायच्या दिवशी वैनीने वही आणून दिली, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची. आधीच्या पानांवर सगळ्यांनी शांततेविषयी लिहिलं होतं. मी तोराविषयी आणि बिब्यांच्या उसळीविषयी तीन ओळी लिहिल्या. खोलीविषयी लिहायला घेतलं आणि पेन थांबलं, मग खाली सही केली. मागच्या अंगणात जाऊन आजीला "येतां" म्हटलं. तिने लाल हात तसेच अधांतरी धरून माझ्याकडे पाहिलं, "यो परत," म्हणाली आणि पुढचं भिरंड उचललं.

बॅग घ्यायला खोलीत गेले. खाटेवरची चादर घडी घातली, खुंटीवरचा टॉवेल काढला. मग कोनाड्याकडे लक्ष गेलं. लामणदिवा, माप, तांब्या. आणि मागे, पटकन दिसू नये अशी भिंतीला टेकवून, डबी. झाकणावर भिरंडाच्या रसाचा ओला ठसा होता, अंगठ्याचा.

बस यायला अजून पाऊण तास होता. बॅग उचलून मी बाहेर सोप्यावर जाऊन बसले.